सूझावर माहितीपट काढायला निघालेल्या मंडळींना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझाची जन्मशताब्दी २०२४ साली झाली. तेव्हापासून त्याच्यावर माहितीपट करायचा म्हणून तुमच्यापैकी बरेच जण कामाला लागलेत. कुणी मुंबईच्या जेजे कलाशाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं, कुणी पुण्यात सिनेमा शिकलेलं, कुणी म्हापसा-पर्वरीकडचं, ‘सूझा आमचाच’ म्हणणारं. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे गठ्ठे तपासले आणि उरलेल्या वेळात चित्रांवर थोडंफार लिहिलं. एवढ्या भांडवलावर तुमचे फोन मला येतात. येऊ देत, बरं वाटतं. पण फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘मॅडम, सूझाचे काही किस्से?’ मी जेजेत पाऊल ठेवलं तेव्हा त्याला तिथून काढून टाकल्याला तीस वर्षं उलटली होती, असं सांगितलं की उत्तर येतं, ‘ऐकलेले सांगा, तेही चालतील.’

ऐकलेले किस्से तुम्हालाही पाठ आहेत. शाळेतून हाकलला, जेजेतून हाकलला, प्रदर्शनातून त्याचं चित्र उतरवलं, लंडनला गेला, नाव झालं, दारूत बुडाला, संसार मोडले, न्यूयॉर्कला गेला, २००२च्या मार्चमध्ये मुंबईत वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत पोचवायला मोजकीच माणसं होती. याखाली संथ पियानो टाकला की ट्रेलर तयार.

माझी तक्रार या ट्रेलरबद्दल आहे. त्यात खोटं काही नसेलही, पण ही गोष्ट तुमची नाही. ती सूझाची आहे, त्याने स्वतः रचलेली आणि बाजारात नीट खपवलेली.

तारखा बघा. १९४९मध्ये तो लंडनला गेला. पुढची पाच-सहा वर्षं हलाखीची, कुणी विचारत नव्हतं. मग १९५५ साली ‘एन्काउंटर’ मासिकात, स्टीफन स्पेंडर संपादक असताना, त्याचा ‘निर्वाणा ऑफ अ मॅगट’ हा आत्मकथनपर लेख छापून आला. त्याच वर्षी व्हिक्टर मस्ग्रेव्हच्या ‘गॅलरी वन’मध्ये त्याचं प्रदर्शन झालं आणि गाजलं. जॉन बर्जरसारख्या समीक्षकाने दखल घेतली. पुढच्या वर्षी हॅरोल्ड कोव्हनर हा अमेरिकन संग्राहक भेटला आणि १९६०पर्यंत नियमित पैसे देऊन चित्रं घेत राहिला. १९५९मध्ये ‘वर्ड्स अँड लाइन्स’ हे पुस्तक आलं. लेख आधी छापला, गिऱ्हाईक मागाहून आलं, हा क्रम विसरू नका. सूझा फर्मास लिहायचा. आपल्या समकालीन चित्रकारांत इतकं धारदार गद्य दुसऱ्या कुणाला जमलेलं मला दिसत नाही. देवीच्या रोगातून पोर वाचलं म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला आणि ‘न्यूटन’च्या आधी ‘फ्रान्सिस’ लागलं, ही गोष्ट तो अशी सांगतो की वाचणाऱ्याला त्याच्या जन्मापासूनच काहीतरी घडणार असल्याची खात्री पटते. तीच वाक्यं कुणा भारदस्त आवाजात रेकॉर्ड करून तुम्ही चित्रांवर चढवलीत तर हाती माहितीपट राहणार नाही. माणसाची जाहिरात होईल, तीही त्याच्या पश्चात आणि फुकटात.

त्याच्या गोष्टीला उलटे प्रश्न विचारा. एक साधा प्रश्न देते. ‘छोडो भारत’ आंदोलनात भाग घेतला म्हणून त्याला जेजेतून काढलं, असं सगळीकडे छापलेलं असतं. आंदोलन १९४२चं आणि हकालपट्टी १९४५ची. मधल्या तीन वर्षांत काय चाललं होतं? तेव्हा संचालक चार्ल्स जेरार्ड होते. संस्थेच्या दप्तरात, पोलिसांच्या कागदांत, तेव्हाच्या वर्तमानपत्रांत यातलं काय सापडतं? कदाचित आख्यायिका खरीच निघेल. निघू दे की. पण त्या शोधात कॅमेरा ज्या खोल्यांतून, कपाटांतून आणि धुळीतून फिरेल ती तुमची फिल्म. पडद्यावर ‘१९४५ : एक्स्पेल्ड’ अशी पाटी टाकून मोकळं होणं कुणालाही जमतं.

आता चित्रांबद्दल.

चित्रकारांवरचे बहुतेक माहितीपट चित्रांना घाबरतात. चित्र पडद्यावर येतं, तीन-चार सेकंदांत कॅमेरा त्याच्या डोळ्यात घुसतो नाहीतर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकतो आणि लगेच कट, खुर्चीवर बसलेले एखादे तज्ज्ञ. मग समुद्र. मग ड्रोन. बघणाऱ्याला चित्र दिसायच्या आत त्याचा अर्थ सांगून झालेला असतो. यात सगळा दोष तुमचा नाही, हेही कबूल. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे सूझाची चित्रं २०६२ अखेरपर्यंत परवानगीशिवाय मोकळेपणाने वापरता येणार नाहीत. व्हॅन गॉगवर फिल्म करणाऱ्याला ही कटकट नाही. शिवाय चांगली चित्रं खासगी संग्रहांत, कुणाच्या तरी दिवाणखान्यात नाहीतर गोदामात. मग बजेट आखताना हक्कांचे पैसे आधी कापले जातात आणि तिथे पाऊस, दारूचा ग्लास आणि पाठमोरा नट येतो. माझं म्हणणं इतकंच की बाकी काय वाटेल ते कापा, पण हा खर्च कापू नका. वीस चित्रं नाही परवडली तर पाच घ्या आणि त्या पाचांसमोर ट्रायपॉड रोवून बसा.

‘मिस्टर सेबॅस्टियन’ घ्या. १९५५चं चित्र. सेबॅस्टियन हा बाणांनी विंधलेला संत, गोव्यातल्या चर्चमधून दिसतो, उघड्या अंगाचा, खांबाला बांधलेला. सूझाने त्याला सूट चढवला. कॉलर, टाय, सगळं ऑफिसला निघालेल्या साहेबासारखं, आणि बाण गळ्यात आणि चेहऱ्यात घुसलेले. डोळे कपाळावर, जवळजवळ केसांपर्यंत चढवलेले, त्यामुळे खाली नाक-तोंडाचा नुसता लांबोळका उतार उरतो. रेष जाड, काळी, काटेरी. हे चित्र मिनिटभर पडद्यावर राहिलं, पूर्ण शांततेत, तर प्रेक्षक आधी हसेल. मग त्याला हसू येईनासं होईल. या दोन्ही गोष्टी व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ सिनेमाच्या हातात असतो, पुस्तकाच्या नसतो.

आणि काळी चित्रं! तुमच्यापैकी एकाने मला विचारलं की ती फिल्ममध्ये घ्यायची कशी, ती तर ‘व्हिज्युअली डल’ आहेत. अहो, सूझाच्या सगळ्या कामात सिनेमासाठी जन्माला आलेलं काही असेल तर तीच. १९६०च्या दशकाच्या मध्यात त्याने काळ्यावर काळा रंग घालून ही मालिका केली. चेहरे, नग्नाकृती, गावं, सगळं काळ्यात. रंग जाड लेपलेला, ब्रशाचे आणि पात्याचे उंचवटे तसेच ठेवलेले. पुस्तकात छापलं तर काळा चौकोन. प्रत्यक्ष चित्रासमोर उभं राहिलं तर तेवढ्यापुरतं काहीच दिसत नाही, पण बाजूला दोन पावलं सरकलं की प्रकाश रंगाच्या एखाद्या कंगोऱ्यावर पकडला जातो, एक नाक येतं, दातांची रांग येते, आणखी सरकलं की नाक जातं आणि खांदा येतो. म्हणजे हलल्याशिवाय चित्र पुरतं होतच नाही. छापील पानाला हलता येत नाही, कॅमेऱ्याला येतं. दिवा समोरून लावू नका. एका बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा लावा आणि हळूहळू फिरवा. तुमच्या मदतीला आलेला फोटोग्राफर सवयीने चकाकी मारायला पोलरायझिंग फिल्टर लावेल. त्याला तो काढायला सांगा, कारण इथे चकाकीच चित्र आहे. इतकं एक दृश्य नीट जमलं तर बाकी फिल्म फसली तरी मी तुमची ऋणी राहीन.

न्यूयॉर्कला गेल्यावर, म्हणजे १९६७नंतर, त्याने आणखी एक प्रकार बराच केला. गुळगुळीत मासिकांच्या पानांवर रसायन लावायचं, छापील शाई सुटी करायची, आणि त्या विरघळलेल्या शाईतच रेघोट्या मारून जाहिरातीतल्या हसऱ्या बायका-माणसांची भुतं करायची. कुणा छपाईवाल्याला आणि रसायनशास्त्राच्या शिक्षकाला हाताशी धरून ही क्रिया कॅमेऱ्यासमोर करून बघा. खिडक्या उघड्या ठेवून करा, एवढंच.

हे सगळं मी हवेत बोलत नाही. १९५६च्या ‘द मिस्टरी ऑफ पिकासो’मध्ये फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोने पिकासोला पाझरणाऱ्या शाईने कागदावर काढायला लावलं आणि कॅमेरा कागदाच्या मागे ठेवला. हात दिसत नाही, रेष आपोआप उमटत जाते. पिकासोच्या बायकांबद्दल तिथे एक शब्द नाही आणि तरी माणूस केवढा कळतो : किती अधीर, किती पुसणारा, किती स्वतःवर खूश. आपल्याकडे सत्यजित रायने १९७२ साली ‘द इनर आय’ केला. तो चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींवर. त्यांची दृष्टी १९५७मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गेली, राय शांतिनिकेतनात त्यांचा विद्यार्थी होता. रडवायची केवढी सोय होती! राय वीसेक मिनिटांत आटपतो आणि त्यातला मोलाचा वेळ आंधळ्या माणसाच्या हातांना देतो.

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकचं उदाहरण तुम्हाला अधिक जवळचं वाटेल, कारण तिथे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दारू होती. १९७५मध्ये तो शिल्पकार-चित्रकार रामकिंकर बैजवर शांतिनिकेतनात शूट करत होता. रामकिंकर पिणारा, लोकांच्या तोंडी बदनाम. घटक स्वतः आजारी. १९७६च्या फेब्रुवारीत घटक गेला आणि फिल्म अपुरी राहिली. त्या अपुऱ्या फिल्ममध्ये रामकिंकर हसत सांगतो की घराचं छप्पर गळायचं, पेंढ्याला पैसे नव्हते, तेव्हा तैलचित्रांचे कॅनव्हास छपराला लावून पाणी अडवलं. यानंतर त्याच्या दारिद्र्यावर निवेदनाचं एक वाक्य लागत नाही. घटकने ‘तुम्ही इतकं का पिता’ असं विचारत बसण्यापेक्षा छपराची गोष्ट ऐकली.

दारू लपवा असं मी अजिबात म्हणत नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी तिने सूझाला पोखरलं होतं आणि त्याची झळ घरातल्यांना बसली. पण ती आजार म्हणून दाखवा. प्रतिभेचं इंधन म्हणून दाखवलंत तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन. या मुंबईत पिऊन पिऊन वाया गेलेले आणि चित्रं तर सोडाच, कॅनव्हासही न ताणलेले चित्रकार मी कमी पाहिले नाहीत. त्यांच्यावर कुणी फिल्म करत नाही.

बायकांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही पाठवलेल्या आराखड्यांत हा भाग एकतर गाळलेला असतो नाहीतर ‘सूझाच्या प्रेरणा’ असं नाव देऊन मेणबत्त्या लावलेल्या असतात. सुरुवात आईपासून करा. बाप सूझाच्या तान्हेपणीच गेला, बहीणही गेली. विधवा बाई गोव्यातल्या साळगावहून मुंबईत आली, कपडे शिवून पोट भरलं, पोराला सेंट झेवियर्समध्ये घातलं. त्या काळची मुंबईतल्या गोवेकरांची दुनिया, शिवणकामवाल्या, आया, बोटीवर जाणारे तारवटी, धोबीतलावच्या बाजूला गावागावांच्या कुडी (म्हणजे त्या त्या गावच्या लोकांची मुंबईतली सामाईक बिऱ्हाडं), यातलं अजून थोडंफार शिल्लक आहे. तिथे कॅमेरा न्या. आईच्या शिवणाच्या पैशावर वाढलेला मुलगा पुढे बंडखोर म्हणून मिरवतो, हे मला त्याच्या सगळ्या किश्शांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

आणि मग त्याच्या न्यूड्स. मला त्यातल्या काही थोर वाटतात. ‘बर्थ’मधली दिवस भरलेली, आडवी पडलेली बाई, मागे खिडकीतून दिसणारं शहर, बाजूला पाद्र्यासारख्या वेशात उभा पुरुष : तिथे त्या शरीराचा दरारा आहे, आणि पुरुष बघ्यासारखा उभा. काही न्यूड्स मात्र मला आजही खटकतात. तिथे राग रंगवलाय की राग बाईवर काढलाय, हे मला ठरवता येत नाही. फिल्मनेही घाईने ठरवू नये, पण प्रश्न विचारावा, आणि तो विचारायला फक्त पुरुष समीक्षक बसवू नयेत. जेजेत आज शिकणाऱ्या मुलींना ही चित्रं दाखवा आणि कॅमेरा त्यांच्यावर ठेवा. ज्या बायकांनी त्याच्याबरोबर संसार केले त्यांच्या नावाने गॉसिप नको. त्याच्या मुलाबाळांना ‘वडील कसे होते हो’ विचारून डोळ्यांत पाणी येण्याची वाट बघणं तर अगदीच नको.

गोव्याबद्दल थोडक्यात. साळगावचं माय दे देउश चर्च तुम्ही सगळेच ड्रोनने घेणार, माडांवरून तरंगत, खाली मांडो हे गोव्याचं गाणं लावून. कृपा करून आधी खाली उतरा आणि चालत जा. हे चर्च १८७३चं आणि गोथिक वळणाचं, जुन्या गोव्यातल्या बसक्या, भारदस्त चर्चसारखं नाही. सगळं टोकदार, वर वर जाणारं. सूझाच्या निसर्गचित्रांत शहरं लंडनची असली तरी सुळके कुठले, असा मला नेहमी संशय येतो. पुरावा नाही माझ्याकडे. तुम्ही चर्च आणि चित्र शेजारी ठेवून बघा, जमलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या.

आता जरा अवघड विषय. तुमच्या फिल्मला पैसा कोण देतंय?

‘बर्थ’ २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेलं. २०१८मध्ये लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयाने फ्रान्सिस बेकन आणि ल्यूशियन फ्रॉइड या चित्रकारांबरोबर सूझा भिंतीवर लावला. या सगळ्यानंतर सूझावरची फिल्म निव्वळ फिल्म राहत नाही. ज्या गॅलरीच्या गोदामात त्याची चित्रं पडून आहेत तिने पैसे दिले तर तिला कसला सूझा हवा असेल? जखमी, शापित, जगाने न समजलेला. असा चित्रकार महाग विकला जातो. पैसे घेऊ नका असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत न लिहिता सुरुवातीलाच सांगा की या फिल्ममधली अमुक चित्रं पैसे देणाऱ्यांच्या मालकीची आहेत.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. बाजारात सूझाची नकली चित्रं भरपूर फिरतात. ती काटेरी रेष वरवर सोपी दिसते, म्हणून भामट्यांची आवडती. उद्या कुणी संग्राहक मोठ्या मनाने घर उघडून देईल, चहा-केक देईल, भिंतीवरचं ‘सूझा’ शूट करू देईल. तुमच्या फिल्ममध्ये ते आलं की पुढच्या विक्रीच्या कागदपत्रांत ‘माहितीपटात समाविष्ट’ अशी एक ओळ वाढते. म्हणजे तुम्ही नकळत दाखला दिलात. प्रत्येक चित्राचा प्रवास विचारा : कुठल्या प्रदर्शनात होतं, कुठल्या कॅटलॉगमध्ये छापलंय, कुणाकडून कुणाकडे गेलं. उत्तर देताना मालक चिडला तर केक खा आणि निघा.

विषय निघालाच आहे तर एक विनंती, थोडी आडवळणाची. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये, म्हणजे मुंबईतल्या नव्या कलावंतांच्या गटात, सहा जण होते : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. तुम्ही सगळे पहिल्या तिघांच्याच मागे लागता. कृष्णाजी आरा घरगडी म्हणून राहिला, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि मग चित्रकार झाला. सदानंद बाकरे शिल्पकार म्हणून लंडनला गेला, १९७५मध्ये परतला आणि मुंबईच्या कलाबाजाराकडे पाठ फिरवून दापोलीजवळ मुरुडला जाऊन राहिला, २००७मध्ये वारला. त्यांच्या गोष्टीला पियानो लागत नाही. सूझाची फिल्म झाली, थोडे पैसे उरले (हसू नका), तर त्यांच्याकडे वळा. सूझाच्या फिल्मसाठी मुंबईच्या दप्तरांत शोधाल त्यातलं अर्धं सामान तिथेही उपयोगी पडेल.

माझ्याकडे जुन्या प्रदर्शनांचे काही कॅटलॉग आणि वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. ज्यांना हवी त्यांनी सकाळी अकरानंतर फोन करून यावं, स्कॅनर स्वतःचा आणावा. कात्रणं ठिसूळ झाली आहेत, घराबाहेर न्यायला मिळणार नाहीत. किस्से विचारायला येणार असाल तर मात्र चहाच मिळेल.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, गिरगाव